मदत हवी आहे: पॉटहोल्डरवर टिपा किती अंतरावर माराव्यात?

गरम भांडी धरायला सुती कापडाचे पॉटहोल्डर घरीच शिवते आहे. चार झाले, पण एकही मनासारखा नाही, म्हणून विचारते.

माप ८ इंची चौकोन. वरखाली धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड, मध्ये सुती वॅडिंगचे (आत भरायच्या मऊ, जाडसर अस्तराचे) दोन थर. साधं मशीन, १४ नंबरची सुई. पहिल्या दोनांवर अर्ध्या अर्ध्या इंचावर उभ्याआडव्या टिपा मारल्या. दिसायला सुरेख, पण हातात पुठ्ठ्यासारखे कडक! ओव्हनमधला ट्रे ओट्यावर ठेवेपर्यंत बोटांना चटका बसायला लागतो. पुढच्या दोनांवर दोन इंचांवर टिपा घेतल्या. ते छान मऊ झाले, झळही कमी लागते, पण वरचं कापड प्रत्येक टिपेला सरकत गेलं. शेवटी ते बोटभर बाहेर आणि मागच्या बाजूला चुण्या. टाचण्या लावूनही हेच.

टिपा जवळ घ्याव्यात तर आतली हवा दबते, लांब घ्याव्यात तर थर हलतात. तुम्ही किती अंतर ठेवता? आणि घरात पॉलिएस्टरचं जाड वॅडिंग पडून आहे, ते आत चालेल का?

प्रतिसाद:
मी एक इंच ठेवते. पण तुमचं कापड सरकतंय ते अंतरामुळे नाही. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मात्र फूटच्या (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) दाबाखाली मागे राहतं. जाड थरांना हे फार जाणवतं. वॉकिंग फूट मिळाला तर वरचं कापडही बरोबरीने पुढे जातं. नसेल तर फूटचा दाब कमी करा, टाका ३ ते ३.५ मिमी ठेवा, आणि टाचण्यांऐवजी हाताने लांब कच्चे टाके घाला. पहिली टीप मधोमध, मग कडेकडे. सगळे थर इंचभर मोठे कापायचे आणि ८ इंचांचा चौकोन टिपा झाल्यावरच कापायचा.

प्रतिसाद:
पॉलिएस्टर कृपा करून घालू नका. ते साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं, मऊ त्याआधीच पडतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. सुती कापड करपतं, वितळत नाही. दोराही सुतीच घ्या. आणखी एक, ओला पॉटहोल्डर कधीच वापरू नका. पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे कितीही जाड शिवला तरी ओला असला की हात भाजणारच.

प्रतिसाद:
दोघींचे मनापासून आभार! काल कच्चे टाके घालून, मधून सुरुवात करून, एक इंचावर टिपा मारल्या. कडा अगदी जुळल्या, मागे एकही चुणी नाही. तोच ट्रे उचलून पाहिला, नुसतं कोमट लागलं. आता गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी, उरलाय. कोपऱ्यावर पट्टीच्या घड्या जमतात आणि सुई तिथेच अडते.

प्रतिसाद:
वाटी ठेवून कोपरे गोल कापा आणि ४५ अंशांत कापलेली उरेब पट्टी लावा. ती गोलाईवर ताणून बसते, घडी घालावीच लागत नाही. सुई १६ नंबरची घ्या आणि जाड जागी चाक हाताने फिरवा.