मदत हवी आहे : माइनक्राफ्टमधला दुतोंड्या मारुती गायब झालाय

पंचवटीकर :
तातडीने मदत हवी आहे. पुतणी आणि मी माइनक्राफ्टमध्ये ठोकळे रचून आठ महिने नाशिकचा गंगाघाट बांधतोय. रामकुंड, नारोशंकर, काळाराम सगळं झालंय. काल गेम उघडला तर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जागी गवत आणि दोन झाडं! कड तर सुरीने कापल्यासारखी सरळ. हा बग कुठे कळवायचा? पोरगी कालपासून धड जेवलेली नाही.

सिडकोवाला :
गेमची जावा आवृत्ती की बेडरॉक? व्हर्जन कोणतं? मॉड, म्हणजे बाहेरून जोडलेले बदल, आहेत का?

मखमलाबाद :
रॅम वाढवा. माझ्याकडे ४ जीबी होती तेव्हा अर्धं जग दिसतच नव्हतं. ८ केली आणि प्रश्न मिटला.

सिडकोवाला :
@मखमलाबाद, रॅम कमी असली तर जग उशिरा दिसतं. बांधलेलं जाऊन तिथे गवत उगवत नाही.

पंचवटीकर :
जावा, १.२१.१. मॉड नाहीत. रॅम १६ आहे. बग कुठे कळवायचा तेवढं सांगा ना!

अंजनेरी :
मोजांगचा बग ट्रॅकर आहे. पण काय केलं की पुन्हा तसंच होतं, ते तिथे पायरीपायरीने लिहावं लागतं. आधी सांगा, त्याआधी गेम बंद कसा झाला होता?

पंचवटीकर :
परवा पावसात वीज गेली, डेस्कटॉप धाडकन बंद पडला. त्याचा काय संबंध?

अंजनेरी :
सगळा संबंध त्याचाच. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये साठवतात. असे ३२ बाय ३२ चंक एका एमसीए फाइलमध्ये असतात. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की चंक अर्धवट राहतो. गेमला तो वाचता आला नाही तर तिथली मूळ जमीन नव्याने तयार करतो, म्हणून कड सरळ. आता ते जग उघडू नका. गेमच्या 'सेव्ह्ज'मधला त्या जगाचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. मारुतीच्या जागेचे एक्स आणि झेड आकडे आहेत?

पंचवटीकर :
पुतणीच्या वहीत आहेत. एक्स उणे १३०, झेड ७००.

मखमलाबाद :
१६ गुणिले ३२ म्हणजे ५१२, त्याने भागा. फाइल आर.०.१ येते.

अंजनेरी :
नाही हो, उणे असलं की खालचा पूर्णांक घ्यायचा. शून्य नाही, उणे एक. आर.-१.१ पाहा. चुकीची फाइल बदलली तर धड असलेला भागही जाईल.

गंगापूररोड :
यूपीएस घ्या. साधा इन्व्हर्टर चालू होईपर्यंत डेस्कटॉप बंद पडलेला असतो. आणि काळाराम कशाने बांधलात? ब्लॅकस्टोन जांभळट दिसतो, डीपस्लेट बरा.

पंचवटीकर :
डीपस्लेटच आहे. पण बॅकअप नाही, मग फाइल कळून उपयोग काय?

सिडकोवाला :
गेममध्ये त्या जगाच्या एडिटमध्ये जाऊन कधी 'ऑप्टिमाइझ वर्ल्ड' केलं होतं का?

पंचवटीकर :
हो, गणपतीत. गेम अडकत होता. पाटी आली, त्यातलं पहिलं बटण दाबलं.

सिडकोवाला :
ते बटण आधी बॅकअप घेतं! माइनक्राफ्टच्या फोल्डरमध्ये 'बॅकअप्स' आहे, त्यात झिप बघा.

पंचवटीकर :
सापडली!!! आता आर.-१.१ उचलून टाकू?

अंजनेरी :
टाका. गेम बंद ठेवून.

सिडकोवाला :
थांबा. त्या फाइलमध्ये ५१२ बाय ५१२ चा भाग आहे, गणपतीनंतर तिथे बांधलेलं सगळं जाईल. एमसीए सिलेक्टरने फक्त बिघडलेले चंक आणा.

अंजनेरी :
पहिल्यांदाच करणाऱ्याला नवं सॉफ्टवेअर कशाला? कॉपी ठेवलीय ना त्यांनी.

सिडकोवाला :
महिन्याभराची मेहनत जाणार असेल तर अर्धा तास शिकायला हरकत काय?

पंचवटीकर :
मी फाइलच बदलली. मारुती आला! दोन्ही तोंडं जागेवर. पण समोर फ्रेममध्ये पुतणीने लावलेली नारिंगी ट्यूलिप, तिचा झेंडू, तो नाही.

अंजनेरी :
फ्रेम ही एंटिटी, म्हणजे ठोकळा नसलेली वस्तू. व्हर्जन १.१७ पासून ती 'एंटिटीज' फोल्डरमध्ये वेगळी असते. त्याच झिपमधून त्याच नावाची फाइल तिथेही टाका.

ओझरकर :
मोबाइलवर खेळत असाल तर ॲप काढू नका, जग जातं.

गंगापूररोड :
पुराचं पाणी कुठवर आलं ते दुतोंड्यावरूनच मोजतात. घाटाच्या पायऱ्या मोजून घेतल्यात का?

पंचवटीकर :
झेंडू आला. पायऱ्या मोजूनच घेतल्या होत्या, पण सिडकोवाले म्हणाले तसंच झालं, गणपतीनंतरच्या अकरा गेल्या. पुतणी वही घेऊन बसलीय, आज रात्री त्या घालतो. कुठला यूपीएस घेऊ?