रीफ टँकसाठी क्लीनअप क्रू कोणता घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, मुंबईत घरी 200 लिटरचा रीफ टँक (कोरल्सचा म्हणजे प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा) आहे, त्यात क्लीनअप क्रू, म्हणजे शेवाळ आणि उरलेलं खाणं साफ करणाऱ्या गोगलगायी वगैरे, सोडायचाय. सायकलिंग (घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होणं) कधीच पूर्ण झालंय, अमोनिया नायट्राइट शून्य, नायट्रेट 10, फॉस्फेट 0.08, सॅलिनिटी 1.025. क्लाउन माशांची जोडी आणि एक फायरफिश, कोरल्स सगळे सॉफ्ट, झोआ आणि मश्रूम. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ धरलंय, पंपाच्या तोंडाशी तर बोटभर लांब, आणि वाळूवर तपकिरी थर, सकाळी काढला की संध्याकाळी परत हजर.

लाइट 7 तासांवर आणला, खाणं कमी केलं, टूथब्रशने घासून सायफन करतो, पाणी आरओ-डीआयचंच (गाळून क्षार काढलेलं). औषध टाकायचं नाहीये, कॉपर तर अजिबात नाही, गोगलगायी आणि कोळंब्या त्यानेच मरतात.

दुकानदार मेक्सिकन टर्बो गोगलगायी घ्या म्हणतोय, पण त्यांना थंड पाणी लागतं आणि माझा टँक चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसल्यामुळे उन्हाळ्यात 28 अंशांच्या वर जातो, शिवाय त्या अंगाने मोठ्या, फ्रॅग्ज (कोरलचे छोटे तुकडे) पाडतात. ॲस्ट्रिया गोगलगाय उलटी पडली की बहुतेक वेळा सरळ होत नाही म्हणून तीही नको. त्यामुळे ट्रोकस बरी वाटतेय. नॅसॅरियस शेवाळ खात नाही हे माहितीये, ती उरलेल्या खाण्यासाठी आणि वाळू हलती ठेवायला.

आता नेमकं विचारायचं ते असं, ट्रोकस सुरुवातीला किती सोडू, म्हणजे शेवाळ संपल्यावर उपाशी मरणार नाहीत? वाळूवरच्या थरासाठी सेरिथ गोगलगाय चालेल का? आणि रिकामे शंख भरपूर ठेवले तर निळ्या पायांचे हर्मिट खेकडे शंखासाठी गोगलगायींना मारायचं खरंच सोडतात का, कोणाचा अनुभव आहे?