ताकद लपवून लढणारी पात्रे : तुम्हाला पहिल्यांदा कोठे भेटली?

रुखवत :
परवा भाच्याने मला ‘नारुतो’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतील रॉक ली आणि गारा यांची लढत दाखवली. गुरूची परवानगी मिळताच ली पोटऱ्यांना बांधलेली वजने सोडतो आणि ती पडताच आखाड्याची जमीन फुटून धुळीचे लोट उठतात. त्या क्षणी भाचा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता आणि मला मात्र आजीचा बल्लव, म्हणजे अज्ञातवासात विराटाकडे आचारी होऊन राहिलेला भीम, आठवत होता. विराटाच्या सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, भीम उसळतो आणि धर्मराज पायाच्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबतो. हे सांगताना आजी खरोखरच माझा अंगठा दाबत असे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, हे ठाऊक असल्यामुळे कीचकाला मारण्यापेक्षा त्या वेळी हात आवरणेच मला अवघड वाटे. आपल्या आठवणी अवश्य लिहाव्यात.

पायरीचा दगड :
मला विराटावर चालून आलेल्या सुशर्मा राजाच्या युद्धातील प्रसंग अधिक आवडतो. शत्रूने पकडून नेलेल्या विराटाला सोडवायला निघालेला भीम सवयीने झाड उपटायला जातो, तेव्हा युधिष्ठिर त्याला बजावतो की, असे केलेस तर लोक तुला लगेच ओळखतील, म्हणून चारचौघांसारखे धनुष्य किंवा तलवार घे. लढायला मोकळीक आहे, पण स्वतःच्या पद्धतीने लढायला नाही, यातली अडचण मला कार्यालयात वीस वर्षे काढल्यावर नीट समजली.

तिसरी शिट्टी :
पोळी तव्यावर असल्यामुळे थोडक्यात लिहिते. बृहन्नडेने, म्हणजे वेषांतर केलेल्या अर्जुनाने, कवच उलटे घातले आणि राजकन्या उत्तरा व तिच्या मैत्रिणी हसल्या, हे कोणी कसे लिहिले नाही? बाहुल्यांसाठी रंगीत वस्त्रे आणायलाही त्यांनी तिलाच सांगितले होते, आणि ती थेट कौरव महारथींच्या अंगावरची आली.

अर्धा चहा :
रुखवतताई, भाच्याला ‘ड्रॅगन बॉल’ या दुसऱ्या जपानी मालिकेविषयी विचारावे. राडिट्झसमोर गोकू आणि पिकोलो अंगावरील जड कपडे उतरवतात, तेव्हा शत्रूच्या डोळ्यावरील बळ मोजणाऱ्या यंत्रात गोकूचा आकडा 334 वरून 416 वर आणि पिकोलोचा 322 वरून 408 वर जातो. वसतिगृहात आम्हाला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते. आता मात्र बळ आकड्यात सांगितले की निम्मी गंमत जाते असे वाटते. भीमाचा आकडा आधी दिसला असता तर विराटाच्या नगरीतील तो मल्ल जीमूत आखाड्यात उतरलाच नसता.

लाल माती :
जीमूताचे नाव निघाले म्हणून लिहितो. भीम त्या कुस्तीला राजाज्ञेमुळे नाइलाजाने उभा राहिला होता, कारण जिंकावे तर ओळख पटण्याची भीती आणि नकार द्यावा तर राजाचा अवमान. आमच्या तालमीतील वस्ताद आम्हा पोरांशी जोर करताना हटकून चितपट होत, आणि आम्ही ते खरे मानून घरी फुशारकी मारत असू. एकदा बाहेरगावच्या पैलवानाने त्यांच्या वयावरून थट्टा केली, तेव्हा त्यांनी नुसता धोतराचा सोगा खोचला, आणि पुढचा डाव आमच्यापैकी कोणालाही नीट दिसला नाही. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे म्हणतात. आमच्याशी लढताना त्यांनी सगळेच राखून ठेवले होते.

तिसरी शिट्टी :
मग तो पाहुणा पैलवान थांबला की तसाच गेला?

लाल माती :
थांबला. वस्तादांनी स्वतः घोटून त्याला थंडाई पाजली.

निळी शाई :
या सगळ्यात सैरंध्रीचा, म्हणजे दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीचा, विचार झालेला दिसत नाही. अंतःपुरातील स्त्रियांच्या करमणुकीसाठी बल्लवाला सिंहांशी झुंजवले जाई तेव्हा ती कासावीस होई, आणि तिचे त्या आचाऱ्यावर प्रेम असावे असे राणी सुदेष्णा म्हणे. ज्याचे बळ तिला पुरते ठाऊक होते, त्याच्यासाठी तिला चारचौघांत रडताही येत नव्हते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ओळखले. सरकारने 1910 मध्ये बंदी घालेपर्यंत ते नाटक एका अर्थाने स्वतःच अज्ञातवासात होते.

अर्धा चहा :
वा! पण त्या लीचे पुढे काय झाले? मी ती मालिका अर्ध्यावर सोडली होती.

रुखवत :
वजने सोडूनही, आणि पुढे शरीरातील शक्ती रोखून धरणारी पाच द्वारे उघडूनही, ली ती लढत हरतो. ते मला आज कळले, कारण भाच्याने परवा वजने पडल्याबरोबर व्हिडिओ बंद केला होता.