आंब्याच्या पेटीतली पुडी : धाडी घालून थांबेल का?

पामबीचकर
आंब्याचा मोसम आला की वाशीच्या फळबाजारात कार्बाईडचा, म्हणजे कच्चं फळ झटपट पिवळं करणाऱ्या रसायनाचा, विषय निघतोच. कायदा गुळमुळीत नाही. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनुसार अ‍ॅसिटिलीन या कार्बाईडच्या गॅसवर पिकवलेलं फळ विकणंच काय, विक्रीसाठी जागेत ठेवणंही बंद आहे. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) पुढची पळवाटही बुजवली: पेट्यांशेजारी कार्बाईड सापडलं, तर तोच परिस्थितीजन्य पुरावा धरून अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५९ खाली खटला. मग एफडीएने, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, मार्च ते मे रोज गाळे का तपासू नयेत?

चौदा आणे
खुशाल तपासा, पण पेटीत कार्बाईडची पुडी का पडते ते आधी बघा. चौदा आणे (सोळापैकी चौदा) तयार झालेला हापूस पेंढ्याच्या अढीत आपसूक पिकतो. मार्चच्या भावापायी दहा आण्यांवर उतरवलेला नुसता सुरकुततो. मग कागदात गुंडाळलेला कार्बाईडचा खडा पेटीत जातो, फळाच्या ओलीने गॅस सुटतो, साल पिवळीधमक होते. कापलात की कोयीजवळ पांढरट नि आंबट. रोग बागेत आणि मलमपट्टी गाळ्यावर!

पामबीचकर
आंबट लागणं हा गिऱ्हाइकाचा तोटा झाला. बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक नि फॉस्फरसचे अंश असतात, तो प्रश्न आरोग्याचा. बाग सुधारेपर्यंत लोकांनी ते खात राहायचं?

पेंढा
दोघंही इथिलीन विसरलात, फळ पिकवणारा कायदेशीर गॅस. १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे. खोली हवाबंद, तापमान २० अंशांच्या आसपास, आर्द्रता ९० टक्क्यांवर. गडबड होते ती खोलीतली हवा अधूनमधून न बदलल्याने: फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या वर गेला की इथिलीन लागूच पडत नाही, आणि लोक म्हणतात गॅस बोगस. इथिलीन सोडणाऱ्या इथेफॉन या रसायनाची पुडीही चालते, पण फळाला न टेकवता. त्याच्या पाण्यात आंबे बुचकळणं हा गुन्हाच.

चौदा आणे
खोली भरायला माल लागतो. ठाण्यात हातगाडीवर विकणारा चार पेट्या घेऊन कुठे जाणार? वाशीत कडक झालात की पुडी त्याच्या घरात फुटेल, तिथे कोण तपासणार?

पामबीचकर
मग बाजार समितीने पेटीमागे भाडं घेऊन सामाईक खोल्या चालवाव्यात. हे मान्य. पण त्या होईपर्यंत धाडी थांबवायच्या, हे नाही.

चौदा आणे
थांबवा म्हटलंच नाही. पेटी उतरताना दोन फळं कापून बघा एवढंच. कोवळा माल तिथेच परत गेला, तर पुडी घालणार कशात?