विषय: सांगलीची पंगत – ‘शाकाहारी’ म्हणजे कुठले? शुक्रवारच्या आत कळवा

प्रेषक: विश्रामबागची ताई (भोजन समिती)

मंडळी,
इंग्लंडातल्या आपल्या मंडळाच्या जानेवारीतल्या सांगलीच्या पंगतीसाठी आचाऱ्यांचा सकाळी परत फोन. शुक्रवारपर्यंत त्यांना पानांचा आकडा हवाय, आणि नुसता आकडा नको, कुठल्या तऱ्हेची किती पानं तेही हवंय. आपल्या फॉर्मवर शाकाहारी आणि मांसाहारी असे दोनच रकाने होते. ६८ जणांनी शाकाहारीवर खूण केलीय, पण त्यातल्या २३ जणांनी खाली मोकळ्या जागेत काही ना काही लिहिलंय. कांदा-लसूण नको. कंदमुळं नकोत. अंडं चालेल. दूध-तूप काहीच नको. तूप चालेल, दूध नको (हे कोणी लिहिलंय? नाव नाही). दिवस मावळल्यावर जेवत नाही.
गेल्या खेपेला कोल्हापूरला वहिनी नुसता भात आणि केळं खाऊन उठल्या. ते माझ्या गावात होऊ देणार नाही. हॉल संध्याकाळी ७ ते १० घेतलाय, मेनू काकांनी दिलाय तोच. बोला.

प्रेषक: तासगावचे काका

मेनूला हात लावू नये ही विनंती. मंडळाची पंगत मी १९९८ पासून बघतोय. पुरणपोळी, कटाची आमटी, भरलं वांगं, भाकरी, ठेचा, मसालेभात, बासुंदी. यात मांसाहारी काय आहे? कृष्णाकाठचं वांगं इंग्लंडात मिळत नाही. वर्षभर ज्याची आठवण काढायची तेच सांगलीत येऊन खायचं नाही का?
कांदा-लसणाचं मला नवीन नाही. माझी आई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं तिन्ही बंद ठेवायची. कांदेनवमीला कांद्याची शेवटची भजी व्हायची, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच वांगं परत घरात यायचं. पण आपली पंगत जानेवारीत आहे, चातुर्मास कधीच सरला.

प्रेषक: सांगलवाडीची वहिनी

काका, चातुर्मास तुमच्यासाठी सरला. आमच्याकडे कंदमुळं बाराही महिने बंद असतात. कांदा, लसूण, बटाटा, रताळं, गाजर, मुळा, ओलं आलं, काही नाही. वांगंही नाही, कारण ते बहुबीज, म्हणजे पुष्कळ बियांचं. कोल्हापूरला ‘जैन पान’ म्हणून मला ढोकळा आणि कढी वाढली. वाढणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण सांगली-कोल्हापूरकडचे आम्ही जैन पिढीजात शेतकरी. मी भाकरी-आमटीवर वाढलेय. दक्षिण महाराष्ट्र जैन सभासुद्धा १८९९ची आहे, आम्ही काही काल आलेलो नाही. मला कटाची आमटी आणि भाकरी द्या, फक्त वाटणात कांदा-लसूण नको.
काहींनी मागे विचारलं होतं, हळद कशी चालते, तीही कंदच. माझ्या सासऱ्यांच्या रानात हळदच होती. ओली हळद आम्ही खात नाही. शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, दळून आलेली चालते. वाळलेलं पुन्हा उगवत नाही. आल्याच्या जागी सुंठ चालते ती त्याचमुळे.
आणि ताई, दिवस मावळल्यावर न जेवणारी मीच. जानेवारीत सांगलीत सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो. सातला पंगत बसली तर तुम्ही काहीही रांधा, माझं पान रिकामंच.

प्रेषक: मँचेस्टरची धाकटी (वेळापत्रकवाली)

‘दूध-तूप काहीच नको’ हे मी लिहिलंय. मी व्हीगन आहे. दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर आणि मध, जनावराकडून आलेलं काहीच घेत नाही. हे फॅड नाही. व्हीगन हा शब्दच १९४४ साली इंग्लंडात निघाला, दूध आणि अंडी न खाणाऱ्यांनी तेव्हा आपली वेगळी संस्था काढली.
काका, तुमच्या मेनूतलं बरंचसं मी आहे तसं खाऊ शकते. भाकरी, ठेचा, भरलं वांगं, तेलाची फोडणी दिलेली कटाची आमटी. आजीच्या घरचं रोजचं जेवण यातलंच होतं. फक्त तीन गोष्टी बघा. पोळीवर तूप वाढायच्या आधी विचारा, मसालेभातावर आधीच तूप ओतून ठेवू नका, आणि बासुंदीची पळी आमटीत घालू नका. गोडाला मला गूळ-शेंगदाणे पुरेत.
‘तूप चालेल, दूध नको’वाले मात्र व्हीगन नाहीत. त्यांना बहुतेक दूध पचत नसेल, तुपात लॅक्टोज (दुधातली साखर) जवळजवळ उरत नाही. तो तब्येतीचा प्रश्न आहे, त्यांना फोन करून विचारा.

प्रेषक: मिरजेचे डॉक्टर

दूध अजिबात नसेल तर बी-१२ची गोळी चालू आहे ना? नुसत्या भाज्या-डाळींतून ते मिळत नाही. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नकोस. तूपवाला मीच. नाव लिहायचं राहिलं.

प्रेषक: मँचेस्टरची धाकटी

चालू आहे, डॉक्टरकाका. दर वर्षी तपासतेही.

प्रेषक: साताऱ्याचे भाऊ

केकचं काय ठरलं? पंचविशीचा केक ठरलेला आहे, बेकरीला ॲडव्हान्सही दिलाय. ‘अंडं चालेल’ लिहिणारे आठ जण आहेत. इथे इंग्लंडात व्हेजिटेरियन म्हटलं की अंडं-दूध धरूनच चालतात, आपली मुलंही तसंच समजतात. भारतात अंडं असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका मिळत नाही, ते मांसाहारीतच धरतात. म्हणजे एकच माणूस हीथ्रोला शाकाहारी आणि मुंबईला उतरल्यावर मांसाहारी. केक बिनअंड्याचाच सांगतो, आठ जणांना तोही चालेल.
आमच्या सासूबाई इकडे आल्या तेव्हाचं सांगतो. त्यांच्या पास्त्यावर मी हौसेनं परमेसान चीज किसून घातलं. दोन दिवसांनी कळलं की ते करताना दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. मी त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, देवापुढे जाऊन बसल्या. तेव्हापासून मी पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय चीज घेत नाही. केकवर जेली नको, त्यात जिलेटिन असतं. ते जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून निघतं.

प्रेषक: इस्लामपूरच्या काकू

कॅलेंडर कोणी बघितलं का? पंगत आहे त्या रविवारी एकादशी आहे. आमच्या घरी माळ आहे, मी आणि आमचे हे दोघंही धरतो. आणखी तिघी-चौघी निघतील. पुरणपोळी आम्हाला चालणार नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची उपासाची भाजी, भगर आणि दाण्याची आमटी एवढं करा. हळद-हिंग घालू नका.

प्रेषक: सांगलवाडीची वहिनी

काकू, बटाटा तुम्हाला उपासाला लागतो आणि मला तोच वर्ज्य. साबुदाणाही टॅपिओकाच्या कंदाचाच. म्हणजे माझं आणि तुमचं पान एकत्र होणार नाही, ताईंना आधीच सांगून ठेवते. भगर आणि दाण्याची आमटी मात्र मीही खाईन.

प्रेषक: तासगावचे काका

उपासाचं वेगळं करा, माझी हरकत नाही. वांगं राहू दे, जोडीला दुधी-चणाडाळ करू, बिनकांद्याची. वहिनी, कोल्हापूरचा मेनू मीच दिला होता. तुम्ही उपाशी उठलात हे मला आज कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. माफ करा.

प्रेषक: विश्रामबागची ताई (भोजन समिती)

हॉलवाल्यांशी बोलले. सकाळी ११ ते ३ मोकळं आहे, भाडं तेवढंच. पंगत साडेबाराला. म्हणजे वहिनींचा दिवस मावळायचा प्रश्न मिटला.
नवा फॉर्म रात्री पाठवते. त्यात तुम्ही कोण ते विचारलेलं नाही, काय खात नाही तेवढंच विचारलंय: कांदा-लसूण, कंदमुळं, वांगं, अंडं, दूध, तूप, मध, आणि एकादशी आहे का. प्रत्येकापुढे हो-नाही करा आणि नाव लिहा (डॉक्टर!). मूळ वाटण बिनकांदा-लसणाचंच होईल, ज्यांना हवं त्यांच्यासाठी कांदा आणि लसणाची चटणी पानात वेगळी. आचारी म्हणाले, हे त्यांना सोपं जातं, दोन पातेली लागत नाहीत. तूप वाढणारा एकच माणूस असेल आणि तो विचारूनच वाढेल.

प्रेषक: साताऱ्याचे भाऊ

तूप मी वाढतो.

प्रेषक: इस्लामपूरच्या काकू

खिचडीला दाण्याचं कूट मी घरून आणते. आचाऱ्यांचं जाडंभरडं असतं.