परग्रहवाले आले तर आधी मिसाईल की आधी दुभाषी? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

केन्तो_शिमास
काल काळा_रस्सा यांनी लिहिलं की 'अरायव्हल' (२०१६) हा बिनडोक पिक्चर आहे, यान डोक्यावर येऊन थांबलंय आणि हे फळ्यावर 'ह्यूमन' लिहून दाखवणारी भाषातज्ज्ञ बाई पाठवतात, पोरखेळ सगळा. खरं काय ते म्हणे चिनी लेखक लिऊ त्सिशिनने 'डार्क फॉरेस्ट' कादंबरीत सांगून ठेवलंय, दिसला की ठोका. तिथेच खाली तीन ओळींत उत्तर द्यायला गेले, जमेना, म्हणून वेगळा धागा काढला.

मी चाकणला एका कारखान्यात अकरा वर्षं जपानी दुभाषी आहे. पहिल्या वर्षातली गोष्ट. जपानहून तिघे आले होते, आमच्या साहेबांनी दर सांगितला, समोरच्या म्हाताऱ्याने दातांतून सूऽऽ करून हवा आत ओढली, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाला, "केन्तो शिमास". शब्दाला शब्द धरला तर 'विचार करतो'. मी तेच सांगितलं. साहेब खूश, संध्याकाळी शॉपफ्लोअरवर पेढे. आता कुणी तशी हवा ओढून केन्तो शिमास म्हटलं की मला कळतं, हे 'नाही' आहे, फक्त तोंडावर म्हणायचं नाही म्हणून. तीन आठवड्यांनी नकाराची मेल आली आणि पेढ्यांचा हिशोब माझ्याकडून घेतला गेला. भाषांतरात एक शब्द चुकला नव्हता हो माझा.

आणि हे दोन हात दोन पाय असलेले, एकाच ग्रहावरचे, वडापाव आवडीने खाणारे लोक! पिक्चरमध्ये ते सातपायी परग्रहवाले 'शस्त्र' म्हणतात की 'साधन', यावर जग युद्धाच्या काठावर येतं ते मला अजिबात खोटं वाटलं नाही. चिनी लोक माजाँग या खेळाच्या सोंगट्यांवरून त्यांना भाषा शिकवतात, म्हणजे बोलणं सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी जिंकणार आणि कुणीतरी हरणार हे ठरलेलं. हा पॉइंट रस्सेवाल्यांच्या डोक्यावरून गेला.

काळा_रस्सा
ताई, पेढे वाया गेले, पृथ्वी नाही गेली. फरक आहे. तुमच्या जपान्याने चाकणवर बॉम्ब टाकला नसता, समोरचा टाकू शकतो हाच तर माझा मुद्दा आहे. १९७४ ला अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे संदेश सोडला तेव्हा मार्टिन राइलसारख्या खगोलशास्त्रज्ञाने बोंब मारली होती की असे पत्ते वाटत फिरू नका. तो काय अडाणी होता का?

हायड्रोजन_लाइन
एम१३ पंचवीस हजार प्रकाशवर्षं लांब आहे. तो संदेश पोचेपर्यंत हा धागासुद्धा संपलेला असेल, कदाचित.

गडावरचा
दुभाष्यावरून आठवलं. जून १६७४, रायगड. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आला, सोबत दुभाषी नारायण शेणवी. सगळी कलमं, राजापूरच्या वखारीची भरपाई, नाणी, सगळं त्या एका माणसाच्या तोंडून इकडून तिकडे. इंग्रजांनी मागितलं की वादळात किनाऱ्याला लागलेल्या आमच्या जहाजांवरचा माल परत द्या, तर महाराजांचं उत्तर, कोकणचा तसा रिवाज नाही. आता 'रिवाज' या शब्दाचं इंग्रजीत काय झालं असेल? साय-फायवाले या माणसावर कादंबरी का लिहीत नाहीत? आणि त्या काळच्या फ्रायर नावाच्या इंग्रज प्रवाशाने लिहिलंय ते भारी आहे, गडावरचा म्हातारा खाटीक खास या इंग्रजांना बघायला आला, कारण कित्येक वर्षांत विकलं नव्हतं एवढं मटण या लोकांनी त्या मुक्कामात संपवलं होतं. खरा फर्स्ट कॉन्टॅक्ट तो.

काळा_रस्सा
अर्धीच गोष्ट सांगताय. १६६० ला पन्हाळ्याच्या वेढ्यात हेच इंग्रज सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागत होते. १६६१ ला राजापूरची वखार लुटली, गोरे कैदेत टाकले. त्याच्यानंतर ते टोपी काढून नजराणा घेऊन गड चढले. आधी दणका, मग दुभाषी. धन्यवाद, माझाच मुद्दा सिद्ध केलात.

गडावरचा
हे मान्य करावं लागेल. (जिवावर येतंय.) पण दणक्यानंतरही भरपाईची बोलणी वर्षानुवर्षं चालली, ती तोफेने नाही केली.

केन्तो_शिमास
आणि 'डार्क फॉरेस्ट'चा शेवट वाचलात का तुम्ही? त्यातला नायक लुओ जी शेवटी धमकी देऊन परग्रहवाल्यांना थांबवतो. तुमचा पत्ता जगजाहीर करतो म्हणतो. म्हणजे सौदाच झाला ना? समोरच्याला तुमची धमकी समजली पाहिजे, त्यालाही भाषा लागतेच.

अर्धवट_वाचक
अरे!!! मी त्यावरच्या नेटफ्लिक्स सिरीजचा पहिलाच सीझन बघितलाय!! स्पॉइलरची पाटी लावायला काय पैसे पडतात का

काळा_रस्सा
२००८ चं पुस्तक आहे, पंधराच्या वर वर्षं झाली.

अर्धवट_वाचक
मग काय झालं, महाभारताचाही स्पॉइलर देऊ नये

नारायणगावकर_अस्सल
परग्रहाशी बोलायचं नंतर बघू, आधी रेल्वेशी कोण बोलणार ते सांगा. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड आमच्याकडून जाणार होती, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला डिस्टर्ब होतं म्हणून आता अहिल्यानगर-शिर्डीकडून वळवताहेत. तुम्हाला आकाशातले आवाज ऐकायचेत म्हणून आमचा टोमॅटो टेम्पोतच सडायचा का?

हायड्रोजन_लाइन
खोडदला कुणी एलियन शोधत बसलेलं नाही हो. पल्सार म्हणजे ठोके देणारे तारे, आकाशातला हायड्रोजन, असली कामं चालतात. ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा बारीकसा सिग्नल या दुर्बिणीने इथून पकडला होता. तेवढं हळू ऐकायचं तर शेजारी भोंगा नको, एवढंच.

नारायणगावकर_अस्सल
ते यान तर आपटलं की.

हायड्रोजन_लाइन
आपटलं ते खोडदमुळे नाही!!

नारायणगावकर_अस्सल
तुम्ही शहरात एसीत बसून भोंगा नको म्हणणार, सोपंय. मोबाईल टॉवर मागितला की दुर्बीण, कारखाना मागितला की दुर्बीण. शाळेची सहल तिथेच गेली होती आमची, सरांनी आधी मोबाईल बंद करायला लावले, डबा खाल्ला, परत आलो. तेवढाच आमचा फायदा.

हायड्रोजन_लाइन
एसी? माझं घर ओतूरला आहे. कांद्याचा ट्रक मीही आळेफाट्यावर दोन-दोन तास अडकवलाय. रेल्वे मलाही हवीय, पण बोगदा, संरक्षक भिंत, वळण, यातलं काय चालेल हे दोन्हीकडचे इंजिनिअर एका टेबलावर बसून ठरवतील ना, तुम्ही थेट दुर्बीणच हलवा म्हणताय.

नारायणगावकर_अस्सल
हलवा म्हटलंच नाही मी. वर जाऊन बघा. ओतूरचे आहात हे आधी सांगायचं ना, उगाच तोंड सुटलं.

गडावरचा
इथे पण एक नारायण शेणवी पाहिजे.

केन्तो_शिमास
धागा रेल्वेचा नाहीये!! नवीन काढा. आणि कुणीतरी व्हॉयेजर यानांचं बोला की, १९७७ ला त्यांच्यासोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर मराठीतला नमस्कार आहे, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा म्हणून. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी. ऐकणाऱ्याला मराठी येत नाही हे माहीत असूनच पाठवलं ना कुणीतरी?

काळा_रस्सा
ती तबकडी सापडायची शक्यता शून्याच्या आसपास आहे म्हणून तर कुणी अडवलं नाही. बरं, रडू नका. तुमचं अर्धं मान्य. मिसाईलच्या आधी दुभाषी पाठवू, पण त्याच्या मागे मिसाईल उभं असेल आणि समोरच्याला ते दिसत असेल. चालेल?

केन्तो_शिमास
केन्तो शिमास.

नारायणगावकर_अस्सल
हे तर आम्हाला दर निवडणुकीत मराठीत ऐकवतात.