प्रतिसाद: निवासी शाळा आणि आजूबाजूची गावं

वर विचारलंय, नागपूरबाहेरच्या आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत ‘कम्युनिटी लिएझन’ (शाळा आणि आजूबाजूची गावं यांच्यातला दुवा सांभाळण्याचं काम) म्हणजे फक्त गावभेटी ठरवणं का? भेट हा त्यातला सोपा भाग.

आयबी डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात, सीएएस (सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा हा सक्तीचा भाग) साधारण १८ महिने चालतं, म्हणून त्याच गावात वारंवार जाता येईल असंच काम निवडा. भिंती रंगवायला घेऊ नका. दरवर्षी नवी तुकडी त्याच भिंतीवर नवा रंग चढवते. जिल्हा परिषद शाळेत जायचं तर दोन आठवडे आधी मुख्याध्यापकांना पत्र द्या, विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाऊ द्या. एका वेळी १२-१५ मुलं पुरेत. ४० नेली की वर्गात जत्रा भरते. फोटोसाठी पालकांची लेखी संमती लागतेच.

तारखा शाळेच्या कॅलेंडरवरून काढल्या की हमखास फसतं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. दिवसा गावात म्हातारी माणसंच भेटतील. पोळा, तान्हा पोळा वगळा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कुणाला बाहेर काढूच नये.

सरपंचांना भेटलात म्हणजे गावाला भेटलात असं नाही, बचत गटाच्या बायांशी वेगळं बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना मागे बसून नुसतं ऐका. आणि एक साधी वही ठेवा: तारीख, कोण बोललं, शाळेने काय कबूल केलं. “मागच्या मॅडमनं बोअर मारून देतो म्हटलं होतं, काहून नाही दिली?” याला उत्तर त्या वहीतच सापडतं.